वेट फ्लायचा दोरा: रिळावरचा आकडा आणि नेढ्याजवळचं डोकं

वेट फ्लाय, म्हणजे गळावर दोरा आणि पिसं बांधून केलेला, पाण्याखाली चालणारा खोटा किडा, बिघडते ती बहुतेक वेळा डोक्यापाशी. शेपूट नीट, धड नीट, हॅकल (धडाभोवती गुंडाळलेलं पीस) नीट, आणि नेढ्याजवळ दोऱ्याचा असा गोळा की टिपेट (मासेमारीच्या दोरीचं बारीक टोक) ओवायला जागाच उरत नाही. बांधणारा हाताला दोष देतो आणि दोरा तोच ठेवतो. पिसं आणि गळ यांच्या निवडीवर लोक तासन्‌तास बोलतात, दोरा मात्र हाताला लागेल तो उचलतात. म्हणून इथे फक्त दोऱ्यांचा हिशेब मांडला आहे: युनीचे ८/० आणि ६/०, वाप्सीचे यूटीसी ७० आणि १४०, डॅनव्हिलचा फ्लायमास्टर ६/०, आणि जुनं रेशीम.

कसोटीला दोन फ्लाय घेतल्या आहेत. ट्राउटसाठी १४ नंबरच्या गळावरची पार्ट्रिज अँड ऑरेंज आणि स्टीलहेड माशासाठी ४ नंबरच्या गळावरची ग्रीन बट स्कंक (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान). पहिलीत दोरा हेच धड असतं, त्यामुळे त्याची प्रत उघडी पडते. दुसरीत दोरा फक्त डोक्यात दिसतो, पण केसांचा पंख धरून ठेवण्याचं सगळं ओझं त्याच्यावर असतं. एकाच रिळावर दोन्ही नीट बांधता येतील अशी आशा ठेवू नये.

आधी रिळावरच्या आकड्याचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ६/० म्हणजे सहा शून्य. शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक, अशी ही जुनी पद्धत. पण एका कंपनीची सहा शून्यं दुसरीच्या सहा शून्यांशी जुळतीलच असं नाही. युनीचा ६/० सुमारे १३६ डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या वजनाचं माप) आहे, डॅनव्हिलचा फ्लायमास्टर ६/० मात्र ७० डेनियरचा. लेबल तेच, माल जवळपास दुप्पट. फ्लायच्या जुन्या कृतीत ‘काळा ६/०’ असं वाचून कुणी युनीचं रीळ आणलं, तर प्रत्येक वेढ्याला दुप्पट भर पडते आणि डोकं फुगतं. युनीचा ८/० हा ७२ डेनियरचा, म्हणजे डॅनव्हिलच्या ६/० च्या खरा बरोबरीचा. यूटीसीचं हे बरं आहे की ते रिळावर थेट डेनियरच छापतात: ७०, १४०, २१०.

डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. ते जाडीचं माप नाही, हे लक्षात ठेवायला हवं. यूटीसी आणि डॅनव्हिल नायलॉनचे आहेत, युनीचे हे दोन्ही दोरे पॉलिएस्टरचे. पॉलिएस्टरची घनता जास्त, त्यामुळे त्याच डेनियरला त्याचा दोरा किंचित बारीक निघतो. दुसरा फरक ताणाचा. नायलॉन ओढल्यावर लांबतं आणि मग आकसून पिसाला धरून बसतं. पॉलिएस्टर जवळपास लांबत नाही, आणि तुटायचं झालं तर पूर्वसूचना न देता तुटतं. नव्या हाताला नायलॉन म्हणूनच सोपं जातं. बोटांना ताण जाणवतो आणि थांबायला वेळ मिळतो.

आता पीळ. वेट फ्लायच्या बाबतीत आकड्यापेक्षा पिळाचं महत्त्व मोठं आहे, आणि बहुतेक परीक्षणांत त्याचा उल्लेखही नसतो. यूटीसी ७० चे तंतू जवळपास सुटे असतात. बॉबिन (रीळ धरणारी नळीची पकड) वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की दोरा पसरून चपटा होतो, रिबिनीसारखा. घड्याळाच्या दिशेने फिरवली की आवळून गोल, बारीक दोरी होते. शिवाय उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या दोऱ्यात दर वेढ्याला थोडा पीळ आपोआप भरतो. त्यामुळे सुरुवातीला चपटा असलेला दोरा डोक्यापर्यंत पोचेस्तोवर दोरीसारखा झालेला असतो आणि नेमकं जिथे सपाट बसायला हवं तिथे उंचवटे देतो. उपाय सोपा आहे: डोकं बांधायला घेण्याआधी बॉबिन सोडून लटकू द्यायची आणि उलटी फिरवून पीळ उतरवायचा. भिंग लावून बघितलं तर फरक स्पष्ट दिसतो. पीळ असताना वेढ्यांमध्ये सावलीच्या रेषा असतात; पीळ उतरल्यावर रेषा जातात आणि सगळं डोकं एकसंध चमकतं.

युनीचा दोरा किंचित पिळाचा आणि मेण लावलेला येतो. तो इतका चपटा होत नाही. हा दोष नाही, स्वभाव आहे. मात्र तो कुठे उपयोगी आणि कुठे अडचणीचा हे ठाऊक हवं.

पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधताना हे लगेच कळतं. डाइची १५५० किंवा मस्टॅड ३९०६ सारखा साधा, स्प्रोट वळणाचा, खाली वाकलेल्या नेढ्याचा गळ घ्यायचा. नेढ्यामागे एक नेढ्याइतकी जागा सोडून नारिंगी दोरा सुरू करायचा आणि वेढ्याला वेढा चिकटवत मागे जायचं, पण गळाच्या टोकाच्या बरोबर वर थांबायचं. वळणापर्यंत धड नेलं की फ्लाय जड दिसते आणि हॅकलचे तंतू धडाला झाकत नाहीत. तिथून तसंच चिकटून परत पुढे यायचं. दोनच थर. तिसरा थर दिला तर धड सुरवंटासारखं जाडजूड होतं, आणि या फ्लायची सगळी मजा किरकोळ धडात आहे.

मग तित्तिराच्या कुळातल्या करड्या पार्ट्रिजचं पाठीवरचं तपकिरी, ठिपकेदार पीस. बुडाचा मऊ लव झालेला भाग काढून टाकायचा. शेंड्याचे थोडे तंतू चिमटीत धरून बाकीचे उलटे सारायचे आणि पीस शेंड्याकडून बांधायचं, कारण शेंड्याकडचा दांडा बारीक असतो आणि पहिला वेढा न मोडता बसतो. पुऱ्या दीड वेढ्यात काम होतं, फार तर दोन. तंतूंची लांबी वळणाच्या जरा मागे जाईल इतकी. मागे जास्त गेली तर मासा तंतूंना तोंड लावतो आणि गळ लागत नाही. शेवटी चार वेढ्यांचं व्हिप फिनिश, म्हणजे दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली दाबणारी गाठ.

यूटीसी ७० नारिंगी या फ्लायला सुरेख जातो. चपटा केल्यावर पहिल्या थरातच गळाची दांडी झाकली जाते, धड गुळगुळीत येतं आणि डोकं गळाच्या नेढ्याएवढंही होत नाही. उणीव एकच: त्याची चमक. कोरडा असताना तो प्लॅस्टिकसारखा लकाकतो. पाण्यात चमक मरते, पण रेशमाची खोली काही येत नाही. युनी ८/० वर धड वेगळं दिसतं. पिळामुळे बारीक वळ्या उमटतात, किड्याच्या पोटासारख्या, आणि काहींना तेच हवं असतं. फक्त डोक्याला एखादा वेढा जास्त लागतो, कारण गोल दोरा कमी जागा झाकतो.

रेशमाबद्दल हातचं राखून लिहिता येत नाही: उत्तर इंग्लंडच्या या जुन्या फ्लायसाठी त्याच्यापुढे काही नाही. रेशीम ओलं झालं की गडद होतं आणि खालच्या दांडीचा काळपट रंग त्यातून किंचित झिरपतो. कोरडी असताना झगझगीत नारिंगी असलेली फ्लाय पाण्यात जळक्या तांबूस रंगाची होते. पिवळ्या रेशमाला चांभाराचं मेण लावलं की त्याला हिरवट झाक येते. जुने बांधणारे रंग असाच ठरवायचे. पण रेशीम सांभाळावं लागतं. ते उन्हात आणि दमट हवेत कुजतं, आणि कोरड्या, खडबडीत बोटांवर त्याचे तंतू सुटतात. रेशमाचं रीळ उजेडात मांडून ठेवलेलं असेल तर विकत घेऊ नये. वितभर दोरा सोडून ओढून बघावा. सहज तुटला तर वरचे काही वेढे टाकून पुन्हा बघावं, कारण कधी कधी फक्त बाहेरचा थर गेलेला असतो.

ग्रीन बट स्कंकची गोष्ट निराळी. ऑरेगनच्या नॉर्थ उम्पक्वा नदीशी तिचं नाव कायमचं जोडलेलं आहे. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारी रेनबो ट्राउटच. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, ऑन्कोरिंकस मायकिस. पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ही फ्लाय प्रवाहात आडवी टाकून ताणलेल्या दोरीवर फिरू देतात, दिवसभर, शेकडो वेळा. मासा लागो न लागो, पंखाच्या मुळाशी प्रत्येक फेकीला झटका बसतो. सैल बांधलेल्या पंखाचे केस एकेक करून निघतात आणि संध्याकाळी गळावर नुसतं काळं धड राहतं.

इथे ७० डेनियर पुरत नाही असं नाही, पण केस आवळण्याइतका ताण दिला की तो तुटण्याच्या कडेवर असतो. १४० घ्यावा. यूटीसी १४० काळा आणि युनी ६/० काळा जवळपास एकाच वजनाचे, तरी हातात वेगळे लागतात. यूटीसी चपटा होऊन केसांवर पसरतो आणि दाब सगळीकडे सारखा देतो. युनी गोल राहतो, एकाच रेषेत रुततो आणि वासराच्या शेपटीचे केस त्या रेषेपासून फुलारतात. फुलारलेला पंख पाण्यात फ्लायला आडवी पाडतो. म्हणून पंखासाठी यूटीसी १४० ला पसंती. धड बांधताना मात्र शेनील (लव असलेली जाड दोरी) आणि टिन्सेल (चकाकणारी जर) दाबून बसवायला युनी ६/० ची घट्ट पकड जास्त भरवशाची वाटते.

बांधण्याचा क्रम असा. टीएमसी ७९९९ किंवा तसाच वर वाकलेल्या, वळसा घेतलेल्या नेढ्याचा काळा गळ. आधी टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांवर बिनकाट्याचा गळ सक्तीचाच आहे, आणि काटा दाबताना कधी कधी गळच तुटतो. पूर्ण बांधलेल्या फ्लायसकट तुटण्यापेक्षा रिकामा तुटलेला बरा. अशा नेढ्याची तार मागे वळून दांडीवर बसलेली असते आणि ती संपते तिथे पायरी असते. ही पायरी पहिल्याच थरात दोऱ्याने भरून सपाट करावी, नाहीतर धडावर कायम उंचवटा दिसतो.

मागे अंडाकृती रुपेरी टिन्सेलचे तीनचार वेढे. शेपटीला लाल हॅकलचे तंतू, गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडी यांमधल्या) रुंदीइतके लांब. मग हिरवा बट, म्हणजे धडाच्या मागच्या टोकाचा पट्टा, आणि इथे दोऱ्याचा रंग आडवा येतो. बट फ्लॉसचा (सैल तंतूंच्या चपट्या धाग्याचा) करणार असाल तर खाली काळा दोरा अजिबात नको. फ्लॉस ओला झाला की काळं त्यातून दिसतं आणि झगझगीत हिरवा मळकट होतो. एवढ्या भागापुरता पांढरा दोरा लावा, किंवा खाली चपटी रुपेरी टिन्सेल गुंडाळा. यूटीसीचा फ्लुरोसंट शार्ट्रूझ दोरा स्वतःच बट म्हणून चालतो. चपटा करून तीन थर दिले की वेगळा फ्लॉस लागतच नाही. ही त्या रिळाची सर्वांत चांगली आणि कमी वापरली जाणारी सोय आहे. बट शेनीलचा असेल तर दोऱ्याच्या रंगाची चिंता नाही.

काळी शेनील बांधण्याआधी तिच्या टोकाची तीनचार मिलिमीटर लव नखाने ओढून काढावी आणि आतला उघडा दोरा बांधावा. लवेसकट बांधली की तिथे गाठ येते. तिच्यावर अंडाकृती टिन्सेलचे चारपाच वेढे, सारख्या अंतराने. पुढे काळं मऊ हॅकल, दोनतीन वेढे, आणि तंतू खाली-मागे दाबून धरायचे.

इथे थांबून जागा मोजावी. हॅकल आणि नेढं यांच्यामध्ये किमान दीड ते दोन नेढ्यांइतकी दांडी उघडी हवी. ती नसेल तर पंख बांधू नये. हॅकल उलगडून मागे न्यावं. ही जागा कमी पडली की पुढचं कुठलंही कौशल्य आणि कुठलाही दोरा डोकं वाचवू शकत नाही.

पंखाला पांढऱ्या वासराच्या शेपटीचे किंवा बकटेलचे (हरणाच्या शेपटीचे) केस, कमी घ्यायचे. आधी मुळाकडची आखूड लव विंचरून काढायची, कारण ती दोऱ्याखाली फुगीर गादी करते आणि केस तिच्यावरून निसटतात. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत. बुडखे आधीच तिरके कापावेत, म्हणजे डोक्याला उतार आपोआप मिळतो. सरळ कापलेले बुडखे पायरी करतात आणि ती झाकायला वेढ्यांवर वेढे चढतात. दोरा चपटा करून दोन सैल वेढे, मग ताण देत तिसरा. त्यानंतर एक वेढा फक्त केसांभोवती, दांडीला न घेता, आणि लगेच पुढचा केस आणि दांडी दोन्हीवरून घट्ट. बुडख्यांवर पातळ सिमेंटचा (डोकं पक्कं करणाऱ्या वार्निशसारख्या द्रवाचा) एक थेंब टाकून मग डोकं झाकायचं. सुकल्यावर चारदोन केस चिमटीत धरून ओढावेत. एखादा जरी हलला तर ब्लेडने पंख कापून पुन्हा बांधावा; वरून सिमेंट ओतून तो पक्का होत नाही.

डोकं लहान हवं ते दिसण्यासाठी तर हवंच, पण आणखीही एक कारण आहे. वर वाकलेल्या नेढ्याच्या गळाला पुष्कळ जण टर्ल गाठ मारतात. तिचा फास नेढ्यातून मागे जाऊन डोक्याच्या मानेभोवती बसतो. डोकं फुगलेलं असेल तर फास त्याच्या उतारावरून पुढे सरकतो आणि फ्लाय वाकडी पोहते. रिफल हिच (फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवण्यासाठीची गाठ) घेणाऱ्यांचे अर्धगाठीचे वेढे डोक्यामागे बसतात आणि तिथे घासत राहतात. न वार्निश केलेला दोरा तिथूनच आधी उसवतो.

डॅनव्हिल फ्लायमास्टर ६/० बद्दल थोडक्यात. चांगला, चपटा, मऊ नायलॉन, यूटीसी ७० च्या जवळचा. पंखाला बदकाच्या पिसाच्या पट्ट्या लागतात अशा लेडविंग कोचमनसारख्या ट्राउट फ्लायला तो फार छान, कारण सैल फास हळूच वरून खाली ओढला की पट्टी न मुडपता दबते. स्टीलहेडच्या केसाळ पंखाला देऊ नये. जेल-स्पन (पॉलिएथिलीनचे) दोरे वेट फ्लायसाठी घेण्याचं कारण दिसत नाही: ताकद प्रचंड, पण निसरडे, आणि इतके कडक की पिसाचा दांडा कापतात. हरणाचे केस फुलवायला ते ठेवावेत.

दोऱ्याची बरीचशी बदनामी बॉबिनमुळे होते. नळीच्या तोंडाला बारीकशी धार असली की ७० डेनियर तंतू तंतू होऊन तुटतो आणि दोष रिळावर जातो. तपासायला कापसाचा बोळा नळीच्या कडेवरून फिरवावा. अडकला तर नळी बदलावी, शक्यतो सिरॅमिकची घ्यावी. ताण असा असावा की लटकती बॉबिन स्वतःच्या वजनाने खाली सरकू नये, पण हलक्या ओढीने दोरा सुटावा. जास्त घट्ट असेल तर बॉबिनचे पाय थोडे बाहेर वाकवावेत. बोटांच्या भेगा हे चपट्या नायलॉनचं दुसरं दुखणं. बांधायला बसण्याआधी बोटं वज्रीने घासून घ्यावीत. तुटण्याची मर्यादा ओळखायची असेल तर रिकाम्या गळावर दोरा लावून तुटेपर्यंत ओढावा, आठदहा वेळा. मग मर्यादेच्या जरा अलीकडे थांबायला हात आपोआप शिकतो.

सिमेंटच्या बाबतीत मेणाचा विचार करावा. युनीच्या दोऱ्यावर मेण असतं, त्यामुळे पाण्यात विरघळणारं सिमेंट त्यात नीट मुरत नाही आणि वर साय धरतं. त्यावर पातळ, द्रावकातलं सिमेंट लावावं: पहिला हात मुरण्यासाठी, तो सुकल्यावर दुसरा चकाकीसाठी. यूटीसी दोन्ही प्रकारचं सिमेंट पितो. सुईच्या टोकाने लावावं, ब्रशने नाही, आणि लगेच एक टाकाऊ पीस नेढ्यातून ओढून घ्यावं. नदीवर, गारठलेल्या बोटांनी, नेढ्यातलं सुकलेलं सिमेंट काढणं फार जिकिरीचं असतं.

एकच रीळ घ्यायचं असेल तर यूटीसी १४० काळा घेऊ नये, मोह झाला तरी. १४ नंबरच्या गळाला तो जाड पडतो आणि ट्राउटच्या सगळ्या फ्लाय बोजड होतात. दोन रिळं घ्यावीत: ट्राउटला यूटीसी ७० नारिंगी, स्टीलहेडला यूटीसी १४० काळा. तिसरं घेता आलं तर फ्लुरोसंट शार्ट्रूझ, ७० मध्ये, बटसाठी. युनी ८/० काळा चौथा, ज्यांना धडावर वळ्या हव्यात त्यांच्यासाठी. रिळं झाकणाच्या डब्यात ठेवावीत, खिडकीपासून लांब. नायलॉनही उन्हाने ठिसूळ होतं, आणि फ्लुरोसंट रंग तर सगळ्यांत आधी उडतो.